पिल्लं कमी पडली नव्हती

पाड्यावर बातमी पसरायला मोबाइलची रेंज लागत नाही. उपकेंद्राच्या नर्सबाईला साप चावला आणि ती दवाखाना सोडून काकड्या भगताच्या अंगणात येऊन बसली, एवढं कळायचा अवकाश, कैनाड गावाच्या अलीकडचा अख्खा पाडा हातातलं काम टाकून धावला. कुडाला पोरं लटकली, ओट्यावर बाया दाटल्या, आणि मधोमध खाटेवर पाय पसरून नर्सबाई कविता. घोट्याच्या वर दोन लाल ठिपके.

"बघा रे, बघा!" काकड्याचा आनंद पोटात मावेना. "सुई-बाटलीवाली आली शेवटी माझ्याच दारी! जहाल नाग आहे, पाताळातला. पण विषाला माझ्या हाताची ओळख आहे. मी नुसतं पिल्लू लावलं की ते धावत बाहेर येतं!"

धावत येतं म्हणे. विष नव्हे, सासुरवाडीला निघालेला जावईच!

काकड्याचा चमत्कार असा: कोंबडीच्या पिल्लाचं बूड दंशावर टेकवायचं. पिल्लू विष ओढून घेतं आणि मरतं. मग दुसरं लावायचं, मग तिसरं. एखादं जिवंत राहिलं की समजायचं, विष संपलं, माणूस वाचला. हे सगळं पाड्यानं डोळ्यांनी पाहिलेलं, आणि डोळ्यांनी पाहिलेल्याला नाही कोण म्हणणार?

टोपलीभर पिल्लं घेऊन कविताची आई मालू शेजारी उभी होती. तिचे हात थरथरत होते. लोकांना वाटलं, लेकीच्या काळजीनं. पण लेकीला साप चावलेलाच नाही, हे मालूला ठाऊक होतं. ते दोन ठिपके कवितानं सकाळी इंजेक्शनच्या कोऱ्या सुईनं स्वतःच टोचून घेतले होते, अंगणवाडीच्या निलमताईला साक्षीला बसवून. मालू थरथरत होती ती लाहूच्या आठवणीनं.

लाहू तिचा धाकटा मुलगा. चार वर्षांपूर्वी जमिनीवर निजलेल्या लाहूला मण्यार जातीचा साप चावला. याच अंगणात, याच खाटेवर पिल्लामागून पिल्लू मरत गेलं आणि त्यांच्या मागोमाग लाहूही गेला. काकड्यानं सरळ हात झटकले. "पिल्लं कमी पडली गो मालू. अजून दोन आणली असतीस तर पोर वाचलं असतं." नाचता येईना अंगण वाकडं! पण आईच्या काळजात ते वाक्य जे रुतलं, ते निघालंच नाही. तेव्हापासून तिची टोपली कधी रिकामी राहिली नाही. कुणाला साप चावला की ती पिल्लं घेऊन स्वतः धावायची, फुकट द्यायची. कविता नर्स होऊन घसा कोरडा करून सांगायची की पिल्लांचा काही संबंध नाही. आई नुसती मान हलवायची आणि पुन्हा अंडी उबवायला बसवायची. काकड्याचं नाव निघालं की कविताचं रक्त उकळायचं.

मग दोन हजार सतरा साली डहाणूत आरोग्य कर्मचाऱ्यांचं शिबिर भरलं. आपल्या भागातल्या दुखण्यांवर आपणच संशोधन कसं करायचं आणि लेख लिहून तो छापायचा कसा, हे शिकवायला डॉक्टर उन्नती मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "औषध घेतलं त्यांच्याकडेच बघत बसू नका. न घेतलेल्यांकडेही बघा. तुलना केली नाही तर राखसुद्धा औषध ठरते."

कविता ताडकन उठली. "मॅडम, साप न चावलेल्या पायाला कुणी कधी पिल्लू लावून बघितलंय?"

अख्खा हॉल हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि कविताला लेखासाठी विषय दिला: साप चावल्यावर आपली माणसं आधी कुठे जातात आणि दवाखान्यात उशिरा का पोचतात.

"त्यात काकड्याचं नाव छापायचंय मला," कविता म्हणाली.

"संशोधनात कुणाचं नाव छापत नसतात. आणि भगताला फसवून केलेला प्रयोग तर मुळीच चालत नाही. तुला उत्तर हवंय की सूड?"

"दोन्ही."

"सुडाचं तुझं तू बघ. पण उत्तर तुझ्या विरुद्ध आलं, तरी ते मान्य करायचं. तेवढी हिंमत आहे?"

मालूनंही घरी हेच विचारलं होतं. "आणि पिल्लं जगली तर?"

जगली तर काकड्या खरा ठरणार होता. विष नाही म्हणून पिल्लं जगली, असंच झालं असतं. म्हणजे लाहूच्या वेळी पिल्लं खरंच कमी पडली, आणि पोराला आईनंच घालवलं. कवितानं आईचा हात धरला. "तर मी जन्मात पुन्हा बोलणार नाही, आये."

आता अंगणात काकड्यानं पहिलं पिल्लू मुठीत घेतलं आणि तो मोठ्यानं मंत्र म्हणायला लागला. पिल्लू चिवचिवलं, त्यानं पाय झाडले. एवढ्याशा जिवाच्या मरणाची वाट बघतोय, याची कविताला लाज वाटली, तरी तिची नजर हटेना. पिल्लाची मान कलंडली.

"मेलं!" गर्दी ओरडली.

मालूचे हात थरथरायचे थांबले.

दुसरं मेलं, तिसरंही मेलं. काकड्याला चेव चढला. "काय विष, काय विष! मी नसतो तर आज हिची तिरडी बांधली असती!" शेवटी त्याच्या मुठीतून एक पिल्लू टुणकन उडालं. "उतरलं! ऊठ पोरी, दिला तुला जन्म!"

कविता उठली. "कसलं विष उतरवलंस रे काकड्या? मला साप चावलाच नाही."

निलमताईनं सुई दाखवली आणि सकाळची हकिकत सांगितली.

"खोटं बोलतात!" काकड्या किंचाळला. "विष नव्हतं तर पिल्लं मेली कशी?"

"तेच तर विचारायला आलेय."

मालू पुढे झाली. तिनं एक पिल्लू उघड्या तळहातावर घेऊन लेकीच्या ठिपक्यांना टेकवलं. पिल्लानं इकडंतिकडं बघितलं आणि तिथंच शिटलं. लोक खो खो हसले. मालू म्हणाली, "आता तू धर भगता. असंच, उघड्या हातावर."

काकड्या मागे सरकला. मालूनं त्याचा हात धरून वर केला. "मघाशी मी बघितलंय. हा अंगठा गळ्यावर, ही बोटं छातीवर. मारायचं तेव्हा आवळायचं, जगवायचं तेव्हा सोडायचं. त्याला विष कशाला लागतंय?"

"पण मी वाचलोय की यांच्या हातनं!" गर्दीतून दिपक म्हणाला.

"तू घरी झोपून राहिला असतास तरी वाचला असतास," कविता म्हणाली. "बहुतेक साप बिनविषारी. विषारीसुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे वाचले की श्रेय याचं. ज्याला खरंच विष भिनलं तो मेला की पाप त्याच्या आईचं!"

मालूनं काकड्याचा हात सोडला नव्हता. "बोल. पिल्लं कमी पडली नव्हती. बोल!"

काकड्या काहीतरी पुटपुटला.

"मंत्र मोठ्यानं म्हणतोस ना? हे पण मोठ्यानं म्हण."

"नव्हती पडली कमी," काकड्या म्हणाला. मालू मटकन खाली बसली आणि चार वर्षांचं रडं एकदम रडली. काकड्या आपल्याच घरात शिरून कडी लावून बसला. कविताला त्याची तिळमात्र दया आली नाही.

पुढं तिचा लेख छापून आला. आईनं पहिला प्रश्न केला, "काकड्याचं नाव आहे?"

"नाही आये. तसं छापत नाहीत."

"राहू दे. नाव सांगायला मी आहे." आणि विवळवेढ्याच्या जत्रेत कोंबड्या विकायला बसली, तेव्हा गिऱ्हाईक भाव विचारी आणि मालू आधी काकड्याची गोष्ट सांगी.

त्या पावसाळ्यात पाड्यातल्या बायजीला नाग चावला. घरची माणसं सवयीनं मालूच्या दारात आली. मालूनं टोपलीवर झाकण घातलं. "पिल्लू मिळायचं नाही. हिला चालवू नका, चिरा देऊ नका. रिक्षात घाला. दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन आहे, त्यानंच विष उतरतं." स्वतःही ती रिक्षात बसली. काकड्याच्या घरावरून जाताना बाहेर डोकं काढून ओरडली, "ए भगता, हिला एकही पिल्लू लागणार नाही रे!"

बायजी वाचली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण तांबडं फुटेपर्यंत किती लाहू जातात, ते आपल्यावर आहे. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, की आधी त्याची मूठ उघडून बघा.