आधी गाडी गार

माझा राग नाकावर असतो हे खरं, पण त्या दुपारी तो थेट डोक्यात गेला. गोठवलेल्या मासळीची तीनशे खोकी शीतगृहात तयार होती, गाड्या भरून देण्याचं काम माझं आणि ती न्यायला आलेली गाडी माझ्याच धाकट्या दिराची. डिझेल वाचवायला पठ्ठ्याने वाटेत गाडीचं कूलिंग बंद ठेवलं होतं. आमच्या दारात येऊन चालू केलं आणि पडद्यावरचा आकडा दाखवत म्हणतो, "बघा वहिनी, उणे अठरा! भरा पटापट."

मी आत शिरून भिंतीला तळवा लावला. चक्क कोमट! आकडा पंख्यासमोरच्या हवेचा होता, बाकी डबा तापलेलाच.

"भावजी, दारं लावा. रिकामी गाडी दीड तास गार होऊ द्या, मग माल."

"अहो, गाडीत होईल की गार!"

"गाडी गार ठेवते, गार करत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. एरवी उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, आज खाली उतरला. "शेजारच्या दारावरची गाडी मी अशीच भरून पाठवली. तुमचे कच्च्या नोकरीचे सहा महिने आज पुरे होतायत ना? ही गाडी उशिरा सुटली तर कायमची नोकरी विसरा."

घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार माझाच. पण दाराच्या कडीवरचा हात मी काढला नाही.

"विसरले," म्हटलं.

दीड तासाने भिंत हाताला झोंबली. दार उघडण्याआधी मी कूलिंग बंद करायला लावलं, तर दीर ओरडला, "आता तर चालू हवं!"

"दार उघडं असताना चालू ठेवलंत तर ते बाहेरची दमट हवा ओढतं. नळ्यांवर बर्फ साचला की वाटेत बसा बोंबलत."

वीस मिनिटांत गाडी भरली. छताखाली हातभर जागा हवा फिरायला सोडली. एक हमाल म्हणाला, "ताई, वर अजून चाळीस खोकी मावतील." म्हटलं, "तुझं डोकं मावतंय का बघ आधी."

संध्याकाळी दिराचा फोन आला. "वहिनी! माल उतरवून घेणाऱ्यांनी खोक्यांच्या मधोमध थर्मामीटर खुपसला. उणे एकोणीस! सगळा माल घेतला! आणि शेजारच्या दाराची गाडी उणे नऊ. तशीच परत पाठवली!"

मी नाचले. खरंच नाचले, हमालांसमोर, गमबूट घालून.

थोड्या वेळाने ती परत आलेली गाडी दाराला लागली. मॅनेजर हळूच म्हणाले, "हा माल आत लावून टाका. पुन्हा गोठेल."

"नाही."

सगळे हमाल हातातलं काम सोडून बघत राहिले. मॅनेजरांनी रुमालाने मान पुसली. "मग काय करायचं, ताई?"

सहा महिन्यांत या माणसाने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"बाजूला ठेवा. एकदा नरमलेली मासळी पुन्हा गोठवून चांगली होत नाही. तपासणी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि माझं कायमचं पत्र लिहायला घ्या. पेन देऊ?"

लिहिलं. तिथेच उभ्या उभ्या, मासळीच्या खोक्यावर कागद ठेवून.