जिंकलेल्या बाजूची बाई

ओर्फा तिबो बोलायला उभी राहिली की गावसभेत कुणी खोकतसुद्धा नसे. तिची शाळा लहानपणीच सुटली होती. पण सहा पोरं, गोठाभर गाई आणि एक आळशी नवरा सांभाळलेली बाई. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्याच्या त्या डोंगरगावात तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मार्चच्या सभेत सातवा ठराव आला. राज्याने सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा द्यावा, अशी गावाने मागणी करायची. ओर्फा उठली.

"ज्यांना रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उपसता येत नाही, ते आपली पोटं फाडून शिवणार?"

लोक खदखदून हसले. हात वर झाले आणि ठराव पडला. मग सगळे जेवायला उठले.

ओर्फाने स्वतःच्या घेवड्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं. शेजारीण हेझल पुढ्यात ताट धरून उभी राहिली. हेझलला साखरेचा आजार. विमा सुटल्यापासून इंजेक्शन अर्धंच टोचून भागवायची.

"मी पण विरोधातच हात वर केला गं," हेझल म्हणाली.

"तू? तू कशाला, वेडे?"

"म्हटलं, ओर्फाला काही यातून मिळायचं नाही. ती म्हणते म्हणजे विचार करूनच म्हणत असेल."

ओर्फाने तिच्या ताटात डावभर घेवडा वाढला, मग आणखी एक.

धाकटी लेक लोरेट गेल्या वर्षी एका विमा कंपनीत लागली होती. असे ठराव पाडायचे, हेच तिचं काम. गावाला एवढंच माहीत, की पोरगी शहरात हापिसात असते. "आई, तू फक्त बोल. मी कुठे असते ते मध्ये कशाला आणायचं?" असं ती म्हणाली होती आणि ओर्फाने मान डोलावली होती. बर्फाचा तो विनोदसुद्धा लोरेटच्या हापिसातून आलेला. जन्मभर स्वतःच्या जिभेवर जगलेली बाई आज दुसऱ्याची जीभ लावून बोलली होती.

जेवणं उरकली. सभा चालवणारा मर्ल हातोडी आपटून म्हणाला, "आता ठराव आठवा, रस्त्याचं यंत्र..."

सभेचा नियमच होता: आठवा सुरू झाला की सातवा कायमचा मिटला. त्याआधी तो पुन्हा घ्यायला सांगता येतं, पण फक्त जिंकलेल्या बाजूच्या माणसाला.

ओर्फा उठली. शेजारी बसलेल्या लोरेटने तिची बाही धरली. "आई, खाली बस. माझी नोकरी जाईल!"

"सोड."

"काय झालं, काकू?" मर्लने विचारलं.

"आठवा वाचू नकोस. मी जिंकलेल्या बाजूची. सातवा पुन्हा घ्या. माझी लोरेट विमा कंपनीत आहे, ठराव पाडायच्या कामावर. सकाळचं माझं बोलणं तिकडून आलं होतं. बर्फासकट."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग आता तुझं मत काय, म्हातारे?"

"सरकारवर माझा अजूनही भरवसा नाही. ते मत माझं स्वतःचं. पण मी कुणाच्या वतीने बोलतेय ते तुम्हाला सकाळीच सांगायला हवं होतं."

ठराव पुन्हा घ्यायला सभेने होकार दिला. मग बरीच भांडाभांडी झाली; कुणाचा भाऊ इस्पितळात नोकरीला, कुणाची सून औषधाच्या दुकानात कामाला, सगळं ज्याने त्याने उभं राहून सांगितलं. ओर्फा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. हेझलने या वेळी ठरावाच्या बाजूने केला. थोडक्या मतांनी का होईना, ठराव पास झाला.

शेजारची खुर्ची रिकामी होती. बाहेर लोरेटची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्याच गाडीतून ओर्फा आली होती.

रिकामं भांडं काखेत धरून ती पायरीवर उभी राहिली. शेवटी हेझल आली. तिच्याकडे न बघताच म्हणाली, "चल, सोडते. पण वाटेत एक अक्षर बोलू नकोस."

ओर्फा गाडीत बसली आणि घर येईपर्यंत गप्प राहिली.