बोलणारा कुठे उभा आहे

टॅक्सी घ्यायची होती तेव्हा अमृत केदारीने लोणावळ्याच्या स्टँडवरच्या जुन्या ड्रायव्हरांना चहा पाजून एकेकाचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. विकणारा काहीही सांगेल, ज्यानं वापरलंय त्याला विचारावं, अशी त्याची रीत. आता त्याला होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे खोलीभरच्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र, घ्यायचा होता आणि विचारायला स्टँडवर जाणं होत नव्हतं. म्हणून कुसगावातल्या दोन खोल्यांच्या घरात सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की त्याची बायको सारिका मोबाइल घेऊन त्याच्याजवळ बसायची. ज्यांनी ज्यांनी तो रिसीव्हर घेतला होता त्यांची मतं वाचून दाखवायची.

"हा एक म्हनतो, लय भारी. त्याच्या खालचा म्हनतो, तापतो. वर हात ठेववत न्हाई."

"बंद कपाटात ठिवला आसंल. पुढं?"

"ह्यो म्हनतो, चित्र एकदम लख्ख दिसतं."

"ते सोड," अमृत म्हणाला.

सारिकाने ते सोडलं आणि बोट पुढे सरकवलं.

त्याला दिसेनासं होऊन दोन वर्षं होत आली होती. साखर अंगात कधीपासून होती कुणास ठाऊक. घाटात गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात असं तो म्हणायचा आणि हसण्यावारी न्यायचा. मग डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं. पुण्यात ऑपरेशन झालं, दुसरंही झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी सारिकाला बाहेर बोलावून सांगितलं. आत येऊन त्याला कसं सांगायचं हे ती ठरवत होती, तेवढ्यात तोच म्हणाला, "गाडी इकून टाकू."

त्यानंतर त्याला उरलं ते सिनेमाचं वेड. लहानपणी वडिवळे गावात होता तेव्हापासूनचं. टीव्ही लावायचा आणि सारिकाने शेजारी बसून सांगायचं. आता तो जिना चढतोय. आता तिनं पत्र फाडलं. आता दोघं एकमेकांकडं बघत्यात, बोलत कुनीच न्हाई. सुरुवातीला तिला लाज वाटायची, शब्द सापडायचे नाहीत. पुढे पुढे जमायला लागलं. साडीचा रंग, आभाळ, घरात भांडी कुठे मांडलीत, सगळं ती सांगायची. दिवसभर ती तुंगार्लीच्या एका बंगल्यावर स्वयंपाक करायची. पर्यटकांना भाड्याने द्यायचा बंगला, शनिवार-रविवारी तर पोळ्यांना अंत नसे. तिथून आली की घरचं उरकायचं आणि सिनेमा सांगायला बसायचं. त्यात तिला थकवा यायचा, पण दिवसभरात कुणी तिचं एवढं मन लावून ऐकत असेल तर ते त्याच वेळी.

होम थिएटरचं खूळ अमृतचं स्वतःचं. टीव्हीतून सगळे आवाज एकाच भोकातून येतात, कोण कुठून बोलतंय कळत नाही, ही त्याची तक्रार. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी अपेक्षा म्हणाली, "बाबा, तुम्ही पसंत करा, मी पाठवते." तेव्हापासून मतं वाचणं चाललं होतं.

बहुतेक मतं इंग्रजीतून भाषांतर होऊन यायची, अर्धी कळायची, अर्धी नाही. एका दुपारी मात्र नीट मराठीत लिहिलेलं मत तिच्या समोर आलं.

"आवाज मोठा करावा लागत नाही," सारिका वाचू लागली. "मधल्या स्पीकरमधून बोलणं स्पष्ट येतं. बोलणारा कुठे उभा आहे ते तोंड फिरवून पडलं तरी कळतं."

अमृत ताठ बसला. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"कुनी लिवलंय?"

"महिपती शेलार. आवो, लोनावळाच लिवलंय खाली."

त्या मताखाली प्रश्न विचारायची सोय होती. सारिकाने अडखळत लिहिलं की माझ्या मालकांना दिसत नाही, त्यांना याचा उपयोग होईल का. उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. शेलारांनी घराचा पत्ता दिला होता आणि लिहिलं होतं, येऊन ऐकून जा.

शेलार तुंगार्लीला तलावाच्या बाजूला राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, जरा वाकलेले गृहस्थ. घर टापटीप होतं, पण वापर नसलेल्या घरासारखं. सारिकाच्या खांद्यावर हात ठेवून अमृत आत आला, तेव्हा शेलार टीव्हीखालच्या रिसीव्हरवरची चादर काढत होते. चादरीवर धूळ बसली होती.

"बरेच महिने लावला नाही," ते म्हणाले. "चालेल ना बघू."

चालला. त्यांनी कुठलासा जुना चित्रपट लावला आणि ते दाराशी जाऊन उंबऱ्यावर बसले, बाहेर तोंड करून.

पडद्यावर एक अंगण होतं. माणसं जेवायला बसली होती. सारिकाने सवयीने सांगायला तोंड उघडलं, तोवर अमृतची मान डावीकडे वळली. "मागून बाई आली. पायात पैंजन हायेत," तो म्हणाला. "वाढती हाय ती. आता उजव्या अंगाला गेली. म्हातारा समोर बसलाय, त्याला ठसका लागला." सारिका पडद्याकडे बघायची थांबली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. घाटातल्या वळणावर गाडी घालताना त्याचं तोंड असं व्हायचं. ती विसरून गेली होती.

"काका, तुमी लिवलंय ते खरं हाय," चित्रपट थांबवल्यावर अमृत म्हणाला.

"ते माझं मत नव्हे," शेलार उंबऱ्यावरूनच म्हणाले. "आमच्या हिचं. ती बोलली, मी नुसतं टाइप केलं."

सारिकाने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला लागून एक लोखंडी पलंग होता, दवाखान्यात असतो तसा वर-खाली होणारा. त्यावर गादी नव्हती. वरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, हार घातलेला.

"अर्धं अंग गेलं होतं तिचं. एकाच कुशीवर निजायची, भिंतीकडे तोंड. टीव्ही पाठीमागे." एवढं बोलून शेलार उठले आणि चहा टाकायला आत गेले.

अपेक्षाने तोच रिसीव्हर स्पीकरांसकट पाठवला. बसवायला शेलारच आले, आपण होऊन. भिंतीत खिळे मारले, तारा कोपऱ्याकोपऱ्याने नेल्या, पाच स्पीकर आणि जड आवाजाचा एक वूफर जागच्या जागी लावले. मग पिशवीतून एक छोटा माइक काढला. "जो ऐकणार त्याच्या कानाच्या उंचीवर हा धरायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो आणि आपलं आपण जुळवून घेतो. कोण कुठे बसतं सांगा."

"ह्ये खुर्चीत बसत्यात," सारिका म्हणाली. "माझं काय, मला दिसतंय."

अमृतच्या खुर्चीपाशी माइक धरून सगळं जुळवलं गेलं. घरभर एकेका कोपऱ्यातून टक टक आवाज आले, आणि तोवर तिघंही श्वास धरून गप्प राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पहिला चित्रपट लावला. सारिका नेहमीसारखी शेजारी बसली. "आता त्यो दार उघडून," तिने सुरू केलं.

"कळलं मला," अमृत म्हणाला. "मधी बोलू नगंस."

तो रागावून बोलला नव्हता. कान लावून ऐकणारा माणूस बोलतो तसं, हळू, दुसरीकडे लक्ष ठेवून बोलला होता. पण सारिकाला ते लागलं. थोडा वेळ ती बसली, मग भांडी घासायची आहेत म्हणून उठली. तिने भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. बाहेर अमृत एकटाच हसला, आणि तो कशाला हसला हे तिला कळलं नाही.

मग रोज तसंच होऊ लागलं. ती कामावरून यायची तेव्हा तो खुर्चीत बसलेला असायचा, जरा पुढे वाकून. चहा दिला की "ठेव" म्हणायचा. तोंडावर टवटवी आली होती, भूक वाढली होती, शेजारच्या माणसांना बोलावून तो आवाज ऐकवायचा. हेच तर हवं होतं, असं सारिका स्वतःला बजावायची आणि पायरीवर जाऊन बसायची. घरातून माणसांची बोलणी बाहेर यायची, आणि त्यात तिचं काही नसायचं. आठवडा झाल्यावर अपेक्षाने निरोप पाठवला, आई, आता तुमचं मत लिही ना तिथं, लोकांना उपयोग होतो. सारिकाने पान उघडलं. पाच चांदण्या रिकाम्या होत्या. तिने एकाही चांदणीला बोट लावलं नाही, फोन बंद करून ठेवला.

एकदा बंगल्यावरून लवकर सुटका झाली. शेलारांच्या घरावरून जाताना ते फाटकाशी उभे दिसले.

"कसा चाललाय?" त्यांनी विचारलं.

"लय चांगला, काका." तिने हसून पुढे जायचं ठरवलं होतं, पण पाय अडले. "आता मला काय इचारावं लागत न्हाई त्यांना. मी नसले तरी चालतं."

फाटक उघडून शेलारांनी तिला आत बसायला खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले.

"मीही हिला सगळं सांगायचो," ते म्हणाले. "आता हा आला, आता तो गेला. रिसीव्हर आणल्यावर म्हणाली, तुम्ही आत जाऊन पडा आता, मला कळतंय सगळं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रात्रीची जागरणं व्हायची तिच्यापायी. मी दुपारचा आत झोपायला लागलो. इकडे चित्रपट चालू, तिला सोबत आहे असं वाटायचं मला." ते थांबले. "एक दिवस उठून बाहेर आलो तर चित्रपट संपला होता. पडदा निळा, रिसीव्हर चालू. आणि ही गेलेली."

सारिकाने पदर तोंडाला लावला.

"डॉक्टर म्हणाले, तुम्ही जवळ असता तरी काही करता आलं नसतं. तसं असेलही. पण तिनं हाक मारली का, ते मला माहीत नाही, ताई. पाच स्पीकर चालू होते. मारली असती तरी आतल्या खोलीत मला ऐकू आली नसती." ते तलावाच्या दिशेला बघत होते. "ते मत काढून टाकावं असं पुष्कळदा मनात आलं. हात होत नाही. शब्द तिचे आहेत ना."

"यंत्र वाईट न्हाई, काका," सारिका कसंबसं म्हणाली.

"यंत्र उत्तम आहे. मी दुसऱ्या खोलीत होतो, एवढंच."

सारिकाने रिक्षा केली नाही. चालत घरी आली. घरात चित्रपट चालू होता. तिने हातपाय धुतले, चहाही ठेवला नाही, आणि अमृतच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. गप्प बसली.

थोड्या वेळाने अमृतने चाचपडत रिमोट घेतला आणि चित्रपट थांबवला. "आज बसलीस."

"बसू नको का?"

"मी कवा न्हाई म्हनलं?"

"मधी बोलू नगंस म्हनला व्हता." इतके दिवस साठलेलं होतं, आवाज फुटला तिचा. "दोन वर्सं मी सांगितलं, आनि यंत्र आलं तसं मी नको झाले."

अमृतने मान खाली घातली. "तू सांगता सांगता पेंगायचीस," तो म्हणाला. "ठावं हाय का तुला? आता त्यो जिना, म्हनायचीस आनि थांबायचीस. मला वाटायचं, त्यो जिन्यातच उभा हाय. मग तुझा झोपंतला श्वास ऐकू यायचा. मी टीव्ही बंद करायचो, तू उठू नयेस म्हून. सकाळी तू इचारायचीस, शेवट आवडला का, मी म्हनायचो, व्हय. किती पिक्चरचा शेवट मला म्हाईतच न्हाई."

सारिकाने स्टूल त्याच्या आणखी जवळ ओढलं.

"तितं दिसभर चुलीपाशी उभी ऱ्हातीस. घरी आल्यावर परत माझ्यासाठी जागायचं. म्हून म्हनलं, असं काय तरी आनू की तुला सांगावं लागनार न्हाई, निवांत पडशील. तू तर पायरीवर जाऊन बसाया लागलीस. मला वाटलं, आवाजाचा तरास व्हतोय तुला."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं तर डोळं ताणून बसली आसतीस."

ते खरंच होतं. सारिकाने त्याचा हात हातात घेतला आणि शेलारांच्या बायकोचं सगळं त्याला सांगितलं. पलंग, निळा पडदा, आतली खोली. "म्हंजी काका उंबऱ्यावर का बसले ते आत्ता कळलं," अमृत म्हणाला. मग त्याने चित्रपट सुरू केला आणि लगेच पुन्हा थांबवला.

"हितं काय व्हतं? दोनदा ऐकलं मी. नुसतं संगीत हाय. कुनी चालत न्हाई, बोलत न्हाई. ती बाई हाय का गेली?"

सारिकाने पडद्याकडे पाहिलं. "हाय. दारात उभी हाय."

"रडती का?"

"न्हाई. रडून झालंय तिचं. तोंड धुऊन आल्यावानी दिसतीया. वाटंकडं बघती, पन कुनी येनार न्हाई ते तिला कळलंय."

अमृतने हळूच मान हलवली. "हे आवाजात न्हाई येत," तो म्हणाला. "चाल कळती, जागा कळती. तोंडं न्हाई कळत. तेवढी सांगत जा."

पुढे तशीच सवय बसत गेली. ती तोंडं सांगायची, बाकीचं तो आपलं आपण ऐकायचा. डोळे मिटायला लागले की ती सांगून टाकायची, आणि मग तो चित्रपट दुसऱ्या दिवसावर जायचा. एका रविवारी त्यांनी शेलारांना जेवायला बोलावलं. त्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याला आले. जेवण झाल्यावर अमृतने चित्रपट लावू का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, नको, बोलत बसू. मग दिवस कलेपर्यंत तिघं रेल्वेच्या आणि घाटाच्या गोष्टी बोलत बसली.