मुद्दाम हळू

तिने चालता प्रोग्राम बाजूला ठेवला, कोरी फाइल उघडली आणि मालकांकडे न बघताच विचारलं,

"हळू म्हणजे किती हळू?"

"बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं."

पार्सलच्या त्या गोदामात रोज सकाळी ढीगभर पावत्या पत्त्यांच्या क्रमाने लावाव्या लागत. तिच्या प्रोग्रामने ते काम पापणी लवायच्या आत करून दाखवलं होतं, आणि हा गृहस्थ म्हणत होता, इतकं भरभर नको! असली माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. घाम गाळल्याशिवाय काम झालं असं यांना वाटतच नाही. कॉम्प्युटरलासुद्धा धाप लागलेली दिसली पाहिजे.

"मधे नुसतं थांबवून ठेवू?"

"नको. सोमवारी जावई बघायला येणार आहेत. खरंच राबताना दिसू दे."

म्हणजे जावयापुढे मिरवायचं आहे. ती ओठ मुडपून हसली.

कॉलेजात थट्टेने शिकवलेली एक रीत तिला आठवली. यादीचे दोन तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा याच रीतीने लावायचा, म्हणजे त्याचे पुन्हा दोन, त्यांचेही दोन. मग दोन्हींतला शेवटचा पत्ता शोधून तळाशी ठेवायचा. आणि एवढा खटाटोप करून झाला की उरलेली अख्खी यादी पहिल्यापासून पुन्हा लावायला घ्यायची, जणू आधी कुणी हातच लावला नव्हता. इतका पद्धतशीर गाढवपणा तिने आजवर लिहिला नव्हता. तिने तो मन लावून लिहिला. या माणसाची लायकी तेवढीच होती.

सोमवारी गोदामातल्या लांब टेबलाशी चार बायका बसल्या होत्या. पावत्या हाताने लावणाऱ्या त्याच. त्यांच्यासमोर एक गठ्ठा होता, त्याच पावत्या तिच्या कॉम्प्युटरमध्ये.

"सरळ हिशेब आहे," गोदामाचा कारभार आता बघणारे जावई म्हणाले. "कॉम्प्युटर पुढे गेला, की उद्यापासून हे टेबल रिकामं."

त्या बायका तिथे नसल्यासारखेच ते बोलत होते. तिने झटकन मालकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

जुना प्रोग्राम तिथेच होता. चालवायच्या फाइलचं नाव बदललं की काम झालं असतं. तिची बोटं कळफलकावर गेली, क्षणभर रेंगाळली. मग तिने नवाच प्रोग्राम सुरू केला.

बायकांचे हात सराईतपणे चालले होते. पडद्यावर पत्ते वर सरकत, खाली येत, पुन्हा वर जात. जावयांनी घड्याळ पाहिलं, फोन पाहिला, पुन्हा घड्याळ. शेवटची पावती ठेवून बायकांनी गठ्ठा दोऱ्याने बांधला, तरी पडद्यावरची धडपड चालूच होती.

"हे तुम्ही लिहिलंत? स्वतः?"

"हो."

"कॉलेजच्या पोरांनी बरं लिहिलं असतं! तुम्हाला कामावर ठेवतं तरी कोण?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. यातली ओळ न् ओळ मुद्दाम लिहिली आहे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"एवढा वेळ लागतोच," ती म्हणाली.

जावई फणकाऱ्याने निघून गेले. मालकही त्यांच्यामागे गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती वायर गुंडाळत होती. टेबलाशी बसलेल्यांतली सर्वांत वयस्क मावशी उठून जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"वाईट वाटून घेऊ नकोस गं. सुरुवातीला मलाही जमायचं नाही. हळूहळू डोकं चालायला लागतं."

वायरचा गुंता झाला होता. ती खाली मान घालून तो सोडवत राहिली.

"हो मावशी," ती म्हणाली.