घरी वाचायची कविता

लाल पेनाचं टोपण चावून चावून पार चपटं झालं होतं, तरी ते पुन्हा दातांत गेलंच—बाईंनी ते काढून टेबलावर ठेवलं. अजून एकवीस उत्तरपत्रिका. प्रश्न तोच, पाचवा: दोन काळांतल्या दोन कवितांचा युद्धाकडे पाहण्याचा दृष्टिकोन स्पष्ट करा. नमुना उत्तरही तेच, त्यांनीच लिहून दिलेलं. जुन्या कवितेत अभिमान, दोन गुण, नव्या कवितेत दुःख, दोन गुण. बरोबर, बरोबर, अर्धं बरोबर... मान मोडून आली होती. गठ्ठ्याखाली त्यांच्या स्वतःच्या मुलाचा अर्ज होता. सैन्यात जायचं, पण अठरा पुरी नाहीत, म्हणून पालकाची सही. चारच्या आत भरती कचेरीत पोचायला हवा. सकाळपासून त्यांनी तो तीनदा वर काढला होता आणि तीनदा खाली सारला होता.

पुढची उत्तरपत्रिका मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीची. 'पहिल्या कवितेत आई हसत तलवार देते. दुसऱ्या कवितेत आई मुलाचे मोजे धुऊन ठेवते, आणि तो येणार नाही हे कळल्यावर पुन्हा धुते. पहिली आम्हाला पाठ आहे. दुसरी बाईंनी घरी वाचायला सांगितली होती.'

घरी वाचायला... खरंच की. सत्तावीस वर्षं. पहिली कविता आली की बाई अख्ख्या वर्गाला उभं करायच्या, साठ गळे एकदम, तावदानं थरथरायची, शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर तक्रार करायला यायचे आणि दारातच ऐकत राहायचे—काय मिरवायचे मी तेव्हा! आणि दुसरीची पाळी येईतो परीक्षा तोंडावर, घसा बसलेला. सोपी आहे, आपापली वाचा, म्हणून तिची बोळवण. आपलं पोरही त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर, सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारं. तेव्हा ऊर भरून आला होता.

साडेतीनला मुलगा दारात उभा राहिला. तीन दिवस घरात हेच चाललं होतं; नको रे, नको रे करून त्या थकल्या होत्या, आणि तो दर वेळी त्यांनीच शिकवलेली पहिली कविता त्यांना ऐकवत होता.

"आई, झाली सही?"

"ती दुसरी कविता आठवते तुला? मोज्यांची?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. "आपण केली होती का ती?"

बाईंनी मुलीला चारांपैकी चार दिले, पाठ्यपुस्तक ओढलं आणि त्याला बस म्हणाल्या. तो घड्याळाकडे बघत खुर्चीच्या कडेवर टेकला. पहिल्या कवितेचं पान हाताळून मऊ पडलेलं, हे मात्र करकरीत. त्यांनी वाचायला तोंड उघडलं आणि अडल्या... पहिली कशी म्हणायची ते त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. ही किती मोठ्यानं वाचायची, कुठे थांबायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.