ऊबदार ठिकाणी ठेवलेलं मशीन

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गॅरेजच्या टेबलावर एवढ्या गोष्टी होत्या: झाकण उघडलेलं वेल्डिंग मशीन एक, गनच्या तोंडाला लावायच्या तांब्याच्या नव्या टिपा दोन, जळून बुजलेल्या टिपा पाच, पकडी तीन (एकही धड नाही), वेल्डिंगच्या तारेचे गुंते चार आणि थंड झालेल्या कॉफीचे दोन कप. खाली जमिनीवर अंगणातल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पालथी पडली होती. तिच्या मागच्या शिवणीला नऊ इंचांची भेग होती. त्यातल्या पाऊण इंचावर आतापर्यंत वेल्डिंग झालं होतं.

पाचवा गुंता रेइनोकाकाच्या हातात होता.

"बघ," तो म्हणाला. "गनचा घोडा दाबला की मोटर फिरते, चाकं फिरतात. तार मात्र गनमधून बाहेर येत नाही, आतच गोळा होते. मुद्दाम करतंय."

"मशीन मुद्दाम काही करत नाही, काका," मी म्हणाले.

"तू याला कालपासून ओळखतेस. मी नऊ वर्षं ओळखतो."

भट्टी बुधवारी फुटली होती. भेगेतून धूर सौनाच्या खोलीत येत होता, म्हणजे तशी ती पेटवणं शक्य नव्हतं. आणि आज सहा वाजता ती पेटलेली असायलाच हवी होती, कारण लेम्पीआत्या घरी येणार होती.

आत्या ही काकाची थोरली बहीण. काकू गेल्यापासून दोघं याच घरात राहतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर सात आठवडे ती गावातल्या शुश्रूषा केंद्रात होती, आणि तिची मुलगी मार्लिस तिला कायमची ॲरिझोनाला न्यायला टपली होती. आत्याने फोनवर निकाल देऊन टाकला होता: "डॉक्टर दहा मिनिटं बसू देतात. शनिवारी सहाला सौना तापलेली असली तर घर चालू आहे असं समजेन. नसली तर रविवारी मार्लिसबरोबर विमानात बसेन." तापलेली म्हणजे वरच्या बाकापाशी निदान एकशे सत्तर अंश फॅरनहाइट. त्याखालच्या सौनाला ती 'ओलसर खोली' म्हणते.

हे मला सांगताना काका भट्टीकडेच बघत होता. आपण एकटे पडू, असं काही तो बोलला नाही. एवढंच म्हणाला, "ॲरिझोनात बर्फ काढायला फावडंसुद्धा मिळत नाही म्हणे."

"आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?" मी विचारलं.

"टिप बदलली, दाबाचा स्क्रू आवळला, वेग वाढवला."

"यातल्या कशाने काय फरक पडला?"

"तिन्ही एकदम केलं. कशानेच पडला नाही."

रसायनशास्त्राच्या चार वर्षांत मी निदान एक सवय कमावली आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. मी वहीत सहा सेकंदांची चाचणी लिहिली. घोडा सहा सेकंद दाबायचा आणि बाहेर आलेली तार मोजायची. मशीनच्या झाकणातल्या तक्त्याप्रमाणे या वेगाला पंचवीस इंच तार यायला हवी होती.

टिप लावून: शून्य. टिप काढून: नऊ इंच, तीही धक्के खात. मी लिहीपर्यंत काकाने दाबाचा स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला आणि घोडा दाबला. सहावा गुंता तयार झाला.

"काका."

"मला वाटलं तिला जोर कमी पडतोय."

"जास्त जोर लावला की चाकं तार पुढे कोंबतात. पुढे वाट बंद असली तर ती दुमडते."

मी स्क्रूवर कागदी चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहिलं.

"मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही," काका म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मग गन केबलसकट काढून ठेवली आणि नुसत्या चाकांतून तार सोडली. सहा सेकंद, पंचवीस इंच. मोटर ठीक, चाकं ठीक. अडथळा केबलमध्येच होता. केबलच्या आत घट्ट स्प्रिंगची एक लांब नळी असते, तिच्यातून तार सरकत पुढे जाते. ती नळी आम्ही दोघांनी मिळून ओढून काढली. एका टोकाला पांढरा कागद धरून मी दुसऱ्या टोकाने हवा मारली. तपकिरी भुकटी पडली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती दोन ग्रॅम भरली.

"धूळ," काका म्हणाला.

"गंज," मी म्हणाले. रीळ उजेडात धरलं. वरचे सगळे वेढे कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले होते. "तू हे मशीन कुठे ठेवतोस?"

"गॅरेजचा हीटर सप्टेंबरात गेला. थंडीत ठेवायचं का याला इथे?"

"मग कुठे?"

"ऊबदार ठिकाणी."

मी खिडकीतून अंगणात पाहिलं. तिथे दोनच छपरं होती, लाकडांची कोठी आणि सौना. कोठीला भिंती तीनच.

"सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवलंस?"

"बाकाखाली. टॉवेलने झाकून."

"कोरड्या टॉवेलने?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "सुरुवातीला."

दर बुधवार, दर शनिवार. दहा आठवडे, वीस वेळा तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं गेलं होतं. प्रत्येक वेळी दार उघडलं की वाफ बाहेरच्या खोलीत आली होती, आणि बाकाखाली हे यंत्र टॉवेल पांघरून बसलं होतं.

"सौनाने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही," काका म्हणाला. "माझे आजोबा सौनात जन्मले."

"तुझे आजोबा लोखंडाचे नव्हते."

"तू त्यांना पाहिलं नाहीस."

हार्डवेअरचं दुकान अडतीस मैलांवर आणि शनिवारी बाराला बंद होणारं. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. नवी नळी मिळणार नव्हती, तेव्हा जुनीच धुवायची ठरली. काकाने फळीवरून ब्रेक साफ करायच्या फवाऱ्याचा डबा उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"यात क्लोरीन आहे. याचा अंश राहिला आणि वेल्डिंगच्या उष्णतेत सापडला तर विषारी वायू होतो. तू इथेच आडवा पडशील."

"डब्यावर लिहिलंय?"

"लिहिलंय. बारीक अक्षरांत."

"माझा चष्मा," तो म्हणाला आणि थांबला.

नळी ॲसिटोनने तीनदा धुतली, हवा मारून अर्धा तास वाळवली. तिसऱ्या वेळी खाली पडलेलं ॲसिटोन पाण्यासारखं स्वच्छ होतं. तोवर काका रिळावरची गंजलेली तार उलगडत होता आणि मी वेढे मोजत होते. एकसष्टाव्या वेढ्याखाली चकचकीत तार लागली. पण आतही कुठे डाग असला तर? काका घरात गेला आणि कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा घेऊन आला. आपल्या जुन्या बर्फातल्या बुटांतला जाड लोकरीचा तळ कापून त्याने त्याचे दोन तुकडे चिमट्याच्या ओठांना चिकटवले आणि चिमटा चाकांच्या आधी तारेवर लावला. तार पुसली जाऊनच पुढे जाणार होती.

"हे कुठे शिकलास?"

"कुठे म्हणजे? नाक कसं पुसतात?"

दाबाचा स्क्रू मी सैल केला, इतका की तार हातमोज्यात घट्ट धरली तर चाकं घसरावीत. नवी टिप लावली. घोडा, सहा सेकंद.

"पंचवीस," मी म्हणाले.

त्याने टेप माझ्याकडून घेऊन स्वतः मोजली. "पंचवीस," तो म्हणाला, जणू मी काही वेगळंच सांगितलं होतं.

उरलेल्या सव्वाआठ इंचांना पंचेचाळीस मिनिटं लागली. मग दिवे घालवून आम्ही भट्टीच्या पोटात विजेरी ठेवली. शिवणीतून उजेड कुठेच दिसला नाही. भट्टी घसरगाडीवर घालून सौनात नेली, धुराडं जोडलं, अठ्ठावन्न दगड रचले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी बर्चच्या लाकडाची पहिली ढलपी पेटली. वेल्डिंग मशीन आता माझ्या खोलीत कपाटात होतं.

साडेचारला मार्लिसची गाडी आली. आत्या वॉकरवर भार देत उतरली आणि आधी तिने सौनाच्या छपराकडे बघितलं.

"धूर सरळ जातोय. उशीर का केलास पेटवायला?"

"मशीन अडलं होतं," काका म्हणाला.

"कशाने?"

"हेल्मी, कॉफी टाक ना जरा," काका मला म्हणाला.

"ओल लागली होती," मी म्हणाले.

"कुठे ठेवलं होतं?"

काका बुटांवरचा बर्फ झटकायला लागला. तिथे बर्फ नव्हता.

"आई, तिकडे घरातच विजेवर चालणारी सौना आहे," मार्लिस म्हणाली. "बटण दाबलं की झालं."

"ते सहाला बघू," आत्या म्हणाली.

साडेपाचला एकशे अठ्ठेचाळीस होते. काकाने आणखी चार ढलप्या टाकल्या. पावणेसहाला एकशे एकसष्ट. त्यानंतर तो आत गेला नाही, बाहेर पायरीवर उभा राहिला. सहाला आत्या टॉवेल गुंडाळून कपडे बदलायच्या खोलीत आली. बाकाखालच्या रिकाम्या जागेकडे आणि तिथल्या फळीवरच्या चौकोनी तपकिरी डागाकडे तिने थोडा वेळ पाहिलं.

"किती?" तिने मला विचारलं.

मी आत जाऊन पाहिलं. सहा वाजून दोन मिनिटं, वरच्या बाकाच्या उंचीला, भट्टीपासून चार फुटांवर: एकशे चौऱ्याहत्तर, आत्याच्या अटीपेक्षा चार अंश जास्त.