पारड्यावरचा अंगठा

मित्रांनो, मी सायखेड्याच्या गोजराबाईंचा जुना लोखंडी तराजू. कांद्याच्या चाळीत खुंटीला लटकलोय. एक पारडं गंजलंय, दांडी वाकलीय. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण एक गोष्ट सांगून टाकतो.

नाशिकच्या एका लोहाराने मला घडवलं. वीस वर्षं मी बाजारात वांगी, भेंडी, गवार तोलली. गोजराबाई दांडी मारायच्या, हे कबूल करतो. भाजीच्या पारड्याच्या काठावर अंगठा असा हलकेच टेकायचा, की गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये. "तराजूच खोटा," म्हणून शिव्या मात्र मला बसायच्या. त्याचीही सवय झाली.

१९९७ साली त्यांना नातू झाला, स्वराज. जन्मतःच आतड्याला पीळ पडलेला. नाशिकला ऑपरेशन झालं, काळं पडलेलं आतडं काढलं, थोडंसंच उरलं. चार महिने दवाखान्यात गेले. घरी पाठवताना डॉक्टरांनी त्याच्या आईला, प्रतिभाला, बजावलं, "एवढ्याशा आतड्यात पाणी टिकत नाही. जुलाब वाढले की मूल बघता बघता सुकतं. रोज सकाळी दुधाच्या आधी वजन करा. दोनशे ग्रॅम घटलं, की थेट घेऊन या."

घरात दुसरा काटा कुठला? मला घासून धुतलं आणि आढ्याला टांगलं. एका पारड्यात स्वराज, दुसऱ्यात वजनं. पहिल्यांदाच मला माझ्या कामाची भीती वाटली.

प्रतिभा सारखी पोराजवळ. थोडं थोडं दूध, मग चमच्याने जलसंजीवनी, मग पुन्हा दुपटी धुणं. वजन जरा घटलं, की तिचं जेवण ताटातच राहायचं. गोजराबाईंना ते बघवेना. मग पोराला सावरायच्या निमित्ताने त्यांचा अंगठा पारड्याच्या काठावर आला. "बघ, वाढलं की पन्नास ग्रॅम. जेव आता," त्या म्हणाल्या. प्रतिभा जेवली. मला सगळं कळत होतं, पण मी बोलणार कसा?

पुढच्या आठवड्यात जुलाब वाढले. तीन दिवस वजन मात्र तेवढंच. चौथ्या सकाळी पारड्यात ठेवलं तरी स्वराज रडेना. प्रतिभा म्हणाली, "आई, वजन तर घटलं नाय. मग डोळे असे खोल का गेले? टाळूपण बसलीय."

गोजराबाईंनी हात काढला. पोरासकट पारडं वर गेलं.

"माझा अंगठा होता गं," त्या म्हणाल्या. "तू चार घास खावेस म्हणून."

प्रतिभाने दोनशेचं वजन उतरवलं, मग शंभराचं. तेव्हा कुठे दांडी सरळ झाली. स्वराजच्या बापाने, भारतने, मोटरसायकल काढली आणि तिघं नाशिकला गेले. गोजराबाई माझ्याखालीच बसून राहिल्या.

अकरा दिवस सलाईन लावावं लागलं. स्वराज वाचला. आणखी एक दिवस गेला असता तर आमच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे पाच वर्षं प्रतिभाच रोज वजन करायची. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मी इथे आलो. स्वराज हडकुळाच राहिला, पण शाळेत जाऊ लागला.

मित्रांनो, मला तेल लावा, जपा, असं म्हणायची ताकद राहिली नाही. एवढंच सांगतो, आजारी माणसाचं वजन आहे तेच सांगा, मायेनेसुद्धा वाढवू नका. त्या पाच वर्षांत गोजराबाई रोज सकाळी माझ्यासमोर यायच्या, नातवाचं वजन होईपर्यंत थांबायच्या. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.